टाचेतला जादा खिळा

दुकानात बसलेले खिळेकाका कधी कुणाशी धड बोलायचे नाहीत, कारण तोंडात सदानकदा खिळे. ओठांत धरलेला एकेक खिळा काढायचा, जोड्याच्या टाचेत ठोकायचा आणि गिऱ्हाइकाच्या चऱ्हाटाला नुसतं "हं" म्हणायचं. बायको होती तेव्हा म्हणायची, "माझं लग्न माणसाशी लागलं की हातोडीशी, देव जाणे!" ती गेली, आणि घरात बापलेक दोघंच उरले.

वडिलांकडून काकांकडे एक रीत आली होती. घरच्यांचं पायताण दुकानाच्या ढिगात हरवू नये म्हणून टाचेत, आतल्या कडेला, एक जादा खिळा मारायचा. गिऱ्हाइकाच्या जोड्यात तो नाही म्हणजे नाही. हाताला इतकी सवय, की मुलासाठी नवा जोड शिवला तेव्हाही हातानं तो खिळा मारून टाकला, डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

परक्यांचं राज्य गावाला नवं नव्हतं. साहेब आले, कर आले, माणसं कुरकुरली आणि भरत राहिली. पण मग डोंगरातून रस्ता काढायचा हुकूम निघाला. घरटी एक माणूस खाणीवर, तोही बिनमजुरीनं! समोरच्या विणकराचा मुलगा तिथं दरडीखाली सापडला. विणकर देह मागायला गेला, तर साहेब म्हणाला, दगड उपसायला सवड नाही, आणि तुझ्या घरातून दुसरा माणूस पाठव. आता त्या घरात दुसरा होता कोण? विणकर स्वतःच. गेला बिचारा, मुलगा जिथं गाडला गेला तिथंच पहार घेऊन.

मेलेला पोरगा काकांच्या मुलाचा जिवलग. काकांनी मुलाला समजावलं, "आपण बरं, आपलं काम बरं. नसत्या भानगडीत पडू नकोस."

"बाबा, सगळे असंच म्हणत बसले, म्हणून तर हे झालं," तो म्हणाला आणि भरल्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. आठवड्याच्या आत खाणीवरची चौकी जळाली. आतला एक शिपाई बाहेर आलाच नाही.

मग जमादार दुकानात आला. माणूस आपल्यातलाच, पण सरकारी कोट अंगावर चढल्यापासून गल्ली त्याच्याशी तोंडदेखलं बोलायची. "काका, चला. साहेबांनी बोलावलंय."

चौकीमागच्या चिखलात एक टोपली पालथी घातली होती आणि तिच्या राखणीला बंदूकवाला शिपाई. बघा, माणूस दरडीखाली मेला तर कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि पावलाच्या ठशाला पहारा! साहेबानं बुटाच्या टोकानं टोपली उडवली. ठसा स्वच्छ उमटला होता. टाच, टाचेचे खिळे आणि आतल्या कडेला तो एक जादा. काकांच्या डोळ्यांपुढे मुलाचा पाय आला, अगदी लहानपणचा, मापासाठी कागदावर धरलेला.

"कुणाचं काम?" साहेबानं विचारलं.

आज तोंडात खिळे नव्हते, त्यामुळे बोलावंच लागलं. "माझंच, साहेब. पण यात विशेष काय? अर्ध्या गावाच्या टाचांना मी असाच खिळा मारतो."

साहेब एवढंच म्हणाला, "बरं."

त्या "बरं"नं काकांची झोप उडाली. खोटं बोलून गेले होते, आता ते खरं करणं आलं. दुसऱ्या सकाळपासून ते येईल त्याच्या जोड्यात जादा खिळा मारायला लागले, आणि वर पैसेही घेईनात. चहावाला आला, मास्तर आले, पखालवाला आला. "काका, लॉटरी लागली काय?" चहावाल्यानं चिडवलं. "म्हातारपणी दानधर्म सुचलाय!" मास्तर हसले. जमादाराचे बूट तळ उसवून आले होते, काकांनी त्यांनाही सोडलं नाही. इतक्या माणसांना कोण धरणार, असा त्यांचा हिशेब. भोळा जीव! ज्यांना एका माणसाची किंमत नाही, त्यांना अनेकांची कुठून असणार?

बाजाराच्या दिवशी चारही रस्ते अडवले. "पाय वर!" घोड्याचा नाल तपासावा तसा एकेकाचा पाय उचलून शिपाई टाच बघू लागले. चहावाला बाजूला काढला. मास्तर काढले. पखालवाल्याची पखाल तिथंच रिकामी झाली. मग साहेब स्वतःच्या जमादाराकडे वळला आणि म्हणाला, "तूही." जमादार आधी हसला, साहेब गंमत करतोय असं वाटून. पाय वर गेला आणि त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं.

काका धावत पुढे आले. "साहेब, खिळा माझा. मला न्या!"

"तुला नेलं तर आमचे बूट कोण शिवणार?" साहेब म्हणाला. "अर्धं गाव म्हणाला होतास. अर्धं गाव नेतो. नाहीतर एकाचं नाव सांग, बाकीचे आत्ता सोडतो."

सगळे काकांकडे बघत होते. नाव जिभेवर आलं होतं. पोटच्या पोराचं नाव, ते कसं थुंकणार? काकांनी दातांवर दात दाबले. माणसांना दोरीनं बांधून खाणीकडे नेलं. वाटेत जमादारानं पळायचा प्रयत्न केला, आणि गोळीचा आवाज बाजारापर्यंत आला.

तिसऱ्या प्रहरी काका दुकानात बसले होते, हात मांडीवर टाकून. दारात सावली पडली. जमादाराची बायको. जिच्याशी गल्लीतली एकही बाई बोलत नव्हती, ती. मागे मास्तरीणबाई, चहावाल्याची म्हातारी आई आणि आणखी कितीतरी. काकांना मान वर करवेना.

"तुमचा पोरगा वाचावा म्हणून माझा माणूस बळी घातलात," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "घातला, पोरी."

तिनं वाकून पायातली चप्पल काढली. काकांनी डोळे मिटले. मारू दे, त्यांना वाटलं, एकदाची मारून टाकू दे. पण चप्पल त्यांच्या पुढ्यात, ऐरणीवर येऊन पडली.

"ठोका," ती म्हणाली. "तोच खिळा. उद्या आम्ही सगळ्या खाणीवर जाणार आहोत. त्यांना आमच्याही टाचा बघू देत."

काकांनी वर पाहिलं. गल्लीभर बाया अनवाणी उभ्या होत्या, चपला हातात घेऊन. उद्या यांतल्या किती परत येतील, हे त्यांना विचारायचं होतं. पण त्यांनी डबीतले खिळे उचलले, ओठांत धरले आणि पहिली चप्पल पालथी केली.