चिंधी बांधलेलं वांगं

माझ्या बायकोच्या मामांइतका शेतीतला जाणकार अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. हे मी नाही म्हणत, मामाच म्हणतात. त्यांची शेती म्हणजे मंगळवार पेठेत घरामागचं दोन खाटा मावतील एवढं परडं. त्यात वांगी, घेवडा, दोडका आणि स्वतः मामा दाटीवाटीनं राहतात. नोकरीत असताना त्यांनी कधी फाइल हलवली नाही, पण आता रोज सकाळी कुंड्या उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवत असतात.

मामांच्या लेखी हंगाम संपणं ही अफवा आहे. फाल्गुन लागला, घेवड्याच्या सुतळ्या झाल्या, वांगी निबर झाली, तरी पिशवी आमच्या दारात हजर! "मामा, बिया दातात अडकतात हो," म्हटलं, तर म्हणाले, "दात तुमचं, त्याला वांग्यानं काय करायचं?" वर भरलं वांगंही स्वतःच करणार. कांदा-लसूण चटणी अशी घालतात की पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आणि दुसऱ्याला कानातून धूर. चव मात्र, देवाशपथ, झकास असते. पण तोंडावर कबूल करायची सोय नाही, लगेच दुसरी पिशवी येते.

परड्यातल्या जिवांना तिथं आमच्यापेक्षा जास्त मान. मला आणि कुंपणावरच्या सरड्याला मामा 'पावणं' याच नावानं हाक मारतात, पण "हळू बोला, ते बिचकंल" हा दम फक्त मला. बुलबुलानं मिरच्या फस्त केल्या की कौतुक! एकदा शिंपी पाखरानं वांग्याचं पान शिवून घरटं केलं, तर महिनाभर त्या झाडाला हात लावायची बंदी. तेवढे दिवस आम्ही निमूट दोडका खाल्ला. मामी हे सगळं हसून चालवून घ्यायच्या. गेल्या दिवाळीआधी त्या गेल्या.

यंदा शिमग्याआधीच्या रविवारी शेवटच्या वांग्यांचा बेत ठरला. मामा आत मसाला परतत होते. तिथूनच ओरडले, "पावणं, असतील तेवढी आणा की काढून!" मी गेलो. नुकत्याच पिवळ्या पडायला लागलेल्या एका वांग्याच्या देठाला काळी चिंधी बांधलेली. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असणार. घ्या! आता वांग्यालाही नजर लागायला लागली! हसत हसत मी तेही खुडलं.

पाटीत ते बघून मामांचा हात थांबला. "ह्ये बियाण्याला ठेवलतं," ते म्हणाले. "तिच्या माहेरचं बी. लग्न हून आली तवा कुरुंदवाडातनं आणलतं तिनं. दरसाल बियाणं तीच धरायची. औंदा मी पयल्यांदाच..."

एक सणसणीत शिवी हासडली असती तर मी सुटलो असतो. त्यांनी वांगं चिरलं. आतलं बी पांढुरकं, अर्धंकच्चं होतं. तरी बोटांनी काढलं, धुतलं, राखेत घोळून सुकवलं आणि चार दिवसांनी एका जुन्या डब्यात पेरलं.

मला चैन पडेना. पुढच्या रविवारी गुपचूप कुरुंदवाड गाठलं. मामींचे धाकटे भाऊ म्हणाले, "आमच्याकडं कुठलं आलंय ते? आमी दुकानातनं पाकीट आणतोय. उलट अक्काकडनंच मागून न्यायचं म्हणत हुतो की!"

परत येऊन मी मामांना सरळ थाप मारली. "कुरुंदवाडला आहे म्हणाले त्यांच्याकडं. पावसाळ्याला देतो म्हणाले."

"बरं झालं," म्हणून मामा डब्यात बोटांनी पाणी शिंपडत राहिले. डबा जरा उन्हात सरकवत म्हणाले, "तुमी यायच्या आधीच फोन आलता मेव्हण्याचा."

मामांनी तांब्या माझ्या हातात दिला. "घाला पाणी. धार धरू नका, बी उघडं पडतंय."

आता रोज ऑफिसला जाताना मी वाट वाकडी करून त्या डब्यात डोकावतो. अजून काही दिसत नाही. उगव की बाबा, एवढंच म्हणतो, मामांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.