वायर न जोडलेला फॅन

मी इलेक्ट्रिशियन माणूस. करंट असेल तर यंत्र फिरतं, नसेल तर नाही... याच्यापलीकडे मी कधी काही मानलं नाही. अंगात येणं, झपाटणं असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. तरीपण हे लिहितोय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या एका मिलमध्ये मी कामाला होतो. माझे दाजी — थोरल्या बहिणीचे यजमान, मूळ केदारखेड्याचे — तिथंच ऑपरेटर. लालभडक सळई ज्या रोलरवरून पुढं सरकते, ते रोलर त्यांच्या ताब्यात. मालकांनी स्पीड कमी-जास्त करायला नवा ड्राइव्ह बसवला, पण मोटर जुनीच ठेवली. साध्या मोटरचा फॅन तिच्याच शाफ्टवर असतो. स्पीड कमी केला की फॅनही मंदावतो आणि मोटर तापते. ड्राइव्हसाठी बनवलेल्या मोटरला वेगळा फॅन असतो, स्वतःच्या सप्लायवर चालणारा.

दाजींनी माझ्यासमोर सांगितलं होतं, "मालक, हात लावून बघा, तव्यावानी तापून राह्यली. वेगळ्या फॅनची मागवा."

"चालून राह्यली ना? मंग चालू द्या," मालक म्हणाले.

एका दुपारी मोटरच्या आतलं वायंडिंग जळालं. रोलर थांबले, मागून सळई येतच राहिली, आणि वळून उसळली ती थेट दाजींवर. दवाखान्यापर्यंतही ते पोचले नाहीत. मालकांनी सगळीकडे सांगितलं — ऑपरेटरनं स्पीड चुकीचा लावला. आणि वेगळ्या फॅनची मोटर? ती तेराव्याच्या आधीच येऊन पडली!

ताई त्यांचा डबा न् चपला न्यायला आली. मिल बंद होती. नवी मोटर जमिनीवरच ठेवलेली.

"हीच मागत होते का रे?"

मी मान हलवली. ती मोटरीजवळ बसली... आणि मागचा फॅन फिरायला लागला. फुल स्पीडमध्ये. ताईचा पदर उडत होता.

मी टर्मिनल बॉक्स बघितला. उघडा. एकही वायर जोडलेली नव्हती.

आवाज ऐकून मालक आले. "चालू झाली? मंग जल्दी बसवा, माल अडकून पडलाय."

मी उघडा बॉक्स दाखवला. त्यांचं तोंड पांढरं पडलं. "वाऱ्यानं फिरत असंल," म्हणाले. शेडमध्ये वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

ताईनं विचारलं, "स्पीड ह्यांनीच चुकीचा लावल्ता ना, मालक?"

मालक ऑफिसकडे वळले. ती उठली, तसा फॅन थांबला.

मालकांनी आपलं म्हणणं नंतरही बदललं नाही. मी ती नोकरी सोडली. बऱ्याच इंजिनिअरांना विचारून झालं; सगळे म्हणतात, वायर जोडलेली असणार.

ताई म्हणते, तेच होते. मी अजून हो म्हटलेलं नाही. मेल्यावरसुद्धा माणसाला त्याच मिलमध्ये ड्युटीवर यावं लागलं, हे मानायला मन धजत नाही.