पत्रावळीवरचं इंग्रजी

सासरच्या या दूरच्या मुलखात कुणी पळसाच्या पत्रावळीवर गरम भात वाढला, की त्या वाफेच्या वासाबरोबर मला आरमोरीजवळची आमची शाळा आठवते. पाचवीत गुरुजी काट्यानं पळसाच्या पानांवर इंग्रजी कोरायचे. एकावर 'हॅपी', दुसऱ्यावर 'अन', तिसऱ्यावर 'नेस'. पुढं-मागं काडीनं टाचलं की नवा शब्द तयार. चांद्याहून साहेब तपासणीला येणार होते, म्हणून त्या पानांचा गठ्ठा गुरुजींनी माझ्याकडे घरी सांभाळायला दिला. आईला वाटलं, पानं साहेबांच्या जेवणासाठीच आणली. तिनं त्या सगळ्या पानांच्या पत्रावळी शिवून शाळेत पाठवल्या. आता शाळेतून काढतील, या भीतीनं मी दाराशी उभी. जेवायला बसलेल्या साहेबांना पत्रावळीवर अक्षरं दिसली, तसा त्यांनी भात बाजूला सारला. "हे कोणी लिहिलं?" "गुरुजींनी. पन मायनं चुकून शिवलं जी." "मंग वाच." मी पत्रावळीभोवती फिरत एकेक पान वाचलं, जोडलं, अर्थ सांगितला. साहेब हसले. "मास्तर, तुमच्या शाळेतली पोरगी मले जेवू देऊन नाई राह्यली. हिले शिकवा." तरी सातवीत लग्न होऊन शाळा सुटलीच. अजूनही स्टेशनात इंग्रजी पाटी दिसली की मी थांबते. मग मी शब्दाचं पुढचं-मागचं सोडवते आणि सोबतच्या बायांना वाचून दाखवते.