न चाललेले पाचशे मीटर

हॉस्पिटलने मला फसवलं. चाचणीसाठी मी त्यांच्या कॉरिडॉरमध्ये एक पाऊल टाकलं नव्हतं, तरी पाचशे मीटर चाललो असं त्यांनी कॉम्प्युटरमध्ये भरलं.

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, पाय हळूहळू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार. दर वर्षी नर्स तपासते, उत्तरं भरते आणि सॉफ्टवेअर माझ्या अपंगत्वाचा स्कोअर काढतं. स्कोअर वाढला तरच नवं औषध मिळणार होतं. गेल्या वर्षी मी खरंच पाचशे मीटर चाललो होतो. आता काठीशिवाय माझ्या दुकानाच्या दारापर्यंत जाता येत नाही.

नर्सने विचारलं, "न थांबता किती चालता?"

इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये मी तीस वर्षं कार्पेट विकतोय, सुरुवात एका जुन्या व्हॅनमधून केली. कुणी आकडा विचारला की मी चढाच सांगतो. तो खाली आणणं समोरच्याचं काम. "पाचशे," म्हणालो, आणि ती "चालून दाखवा" म्हणेल म्हणून काठीला हात घातला. तिने बटण दाबलं. सॉफ्टवेअर घासाघीस करत नाही. पत्र आलं: स्कोअर तोच, औषध नाही.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. "अहो, ती काय गिऱ्हाईक होती?"

"तिने मोजायला हवं होतं."

"आणि तुम्ही खरं बोलायला हवं होतं. पाय गेले तरी भाव उतरवणार नाही तुम्ही."

माझी चूक मी तक्रारीत लिहून दिली आणि रेकॉर्डची प्रत मागवली. त्यात 'प्रत्यक्ष चालवून मोजले' या रकान्यात बरोबरची खूण होती. खाली डॉक्टरांची सही. डॉक्टर त्या खोलीत आलेच नव्हते.

गिऱ्हाईकाने फोनवर सांगितलेल्या मापावर मी कधी कार्पेट कापलं नाही. घरी जायचं, गुडघे टेकायचे, टेप लावायचा. म्हणून मंगळवारी दुकानातला लांब टेप घेऊन आम्ही हॉस्पिटलला गेलो. बायको टेप सोडत पुढे, मी काठीवर मागे. ब्याऐंशी मीटरवर भिंत धरली.

रिसेप्शनवरची बाई धावत आली. "अपॉइंटमेंटशिवाय इथे मोजता येत नाही."

"त्या दिवशी अपॉइंटमेंट होती," मी म्हणालो. "तेव्हा कुठे मोजलंत?"

तिचा दोष नव्हता, म्हणून मी आवाज खाली आणला.

हॉस्पिटलला माझं एवढंच सांगणं आहे: मला माफीचं पत्र नको. मला पुन्हा चालवा, टेप लावून, आणि खरा आकडा भरा. आणि ज्या डॉक्टरांनी न पाहता सही केली, त्यांनी माझ्यासमोर बसून सांगावं: ते पाचशे मीटर कोण चाललं?