मौद्याचं बिनबियांचं झाड

साताऱ्याहून निघालो तेव्हा पिशवीत पाच वाळकी फळं होती. मौद्याच्या शोभाताईंनी ती पाठवली होती. सोबत चिठ्ठी : ‘सर, तुमचे झाडांवरचे लेख वाचते. या फळांमध्ये एकही बी नाही. काहून (का)?’ निवृत्त मास्तराला एवढं निमंत्रण पुरतं.

नागपूरला उतरलो आणि घाईत बुटीबोरीच्या बसमध्ये चढलो. शेजारचा कामगार हसला. “काका, मौदा भंडारा रोडले आहे. उतरा लवकर!”

पोहोचायला दुपार झाली. शोभाताई निवृत्त अंगणवाडीसेविका. “जय भीम सर, आधी जेवा,” म्हणत त्यांनी पाटवडी-रस्सा वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तसं ताकही पुढे केलं.

झाड मागच्या अंगणात होतं. उंच, सारंगीच्या आकाराच्या पानांचं.

“यायनं (यांनी) आणलं बंगळूरहून. ट्रकवर होते तेव्हा,” शोभाताई म्हणाल्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. आता मुळांनी घराचा पाया उचलला होता, भिंत तडकली होती. दिवाळीआधी झाड तोडावं लागणार होतं. “तोडा म्हणते मी. पण त्याचं एक लेकरू मले पाहिजे. तीन वर्षं झाले, फळं पेरून राहिली.”

मी एक ताजं फळ फोडलं आणि सांगू लागलो. आत उंबरासारखीच फुलं. वड, पिंपळ, उंबर, पायर, हे झाड, सगळी एकाच घराण्यातली. जगात यांच्या शेकडो जाती. बहुतेक जातींची आपापली माशी असते, तिळाएवढी. ती फळात शिरते तेव्हाच बी धरतं. माश्या वेगळ्या होत गेल्या तशी झाडंही वेगळी झाली, पाखरांनी बिया लांब नेल्या, म्हणून हे घराणं एवढं फुटलं असावं. पुरता उलगडा अजून झालेला नाही. समोरच्या कडुनिंबाची झाडं गावोगाव, पण त्याच्या सख्ख्या जाती शोधाव्या लागतात.

“मग भिंतीत हा पिंपळ आपोआप उगवून राहिला, तो?”

“त्याची माशी इथलीच आहे, ताई. या झाडाची आफ्रिकेत राहिली.”

त्यांनी खोडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे इतके वर्षं एकटंच होतं बिचारं.”

मी शिडी मागितली. तीन फांद्यांची साल काढली, ओलं शेवाळ बांधून गुटी कलमं केली. उतरताना पाय घसरला, गुडघा सोलवटला. शोभाताईंनी हळद लावली.

साताऱ्याला परतल्यावर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. झाड गेलं होतं. त्याआधी उतरवून घेतलेल्या दोन कलमांना मुळं फुटली होती.

“सर, हे त्याचं लेकरूच ना?”

खोटं बोलवेना. “नाही ताई. बियांतून आलं असतं तर लेकरू. हे तेच झाड आहे.”

“तेच? यायनं लावलेलं?”

“तेच.”

पलीकडून हुंदका आला, की हसू, कळलं नाही. एका जातीच्या अनेक कशा होतात, हे मी आयुष्यभर कौतुकानं शिकवलं. जे आहे तेच राहावं, असंही कुणाला वाटत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

“मग भिंतीपासून लांब लावते,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.