फुकटवाले तांबोळी सर

तांबोळी सरांनी कुणाला "काय, बरं आहे का?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. समोरच्याच्या टेबलावर कॉम्प्युटर असला की ते आधी पडद्याकडे बघायचे, मग माणसाकडे, आणि विचारायचे, "हे कुठनं उतरवलं?"

कराडच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी केसपेपर विभागात रुजू झाले, तेव्हा माझंही स्वागत याच वाक्यानं झालं. मी घरून पेनड्राइव्हमध्ये टायपिंगचं एक सॉफ्टवेअर आणलं होतं. ते मला कुणी दिलं आणि त्याला कुणी, याचा मी कधी विचार केला नव्हता.

"मॅडम, रस्त्यावर पडलेली गोळी तुमी उचलून खाता का?"

"नाही हो."

"मग कॉम्प्युटरला कशी खायला घातली?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्ची ओढली, माझं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि त्याच कामाचं दुसरं, मोफत मिळणारं, बसवून दिलं. त्याच बैठकीत पत्रं लिहायला लिबरऑफिस, व्हिडिओ बघायला व्हीएलसी आणि सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवायला कीपासही बसवलं. मला यातलं काहीच नको होतं. मला फक्त टायपिंग करायचं होतं.

ते मूळचे उंब्रजचे. उंच, किंचित पोक आलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पेनड्राइव्ह. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर, पाटणच्या आमच्या छोट्या केंद्रातलेसुद्धा, त्यांच्या ताब्यात. पदाचं नाव 'कॉम्प्युटर विभागप्रमुख'. विभागात ते एकटेच असल्यामुळे प्रमुख होणं त्यांना जड गेलं नव्हतं. स्टाफ पाठीमागे त्यांना 'फुकटवाले' म्हणायचा. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता, हे जास्त वाईट.

"फुकट म्हंजे हलकं न्हाई," असं ते चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकवायचे. "हवा फुकट हाय म्हणून तुमी श्वास घ्यायचं सोडलंय का? जगातल्या हुशार माणसांनी बनवून, उघडून ठेवलंय, या आणि न्या म्हणून. आपली माणसं म्हणत्यात, फुकट हाय म्हंजे कायतरी गडबड हाय!"

टपरीवाला मान डोलवायचा. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

सरांचा उत्साह कुठे थांबवावा हे त्यांना कळत नसे, हेही सांगायला हवं. आमच्या लॅबमधल्या सुहासचे वडील वारले. आम्ही सगळे त्याच्या घरी भेटायला गेलो. सुहास वडिलांचा एक जुना डागाळलेला फोटो हार घालण्यासाठी मोठा करून आणणार होता. सरांनी तो बघितला आणि तिथंच, सोप्यात बसून, सुहासच्या लॅपटॉपवर फोटो साफ करायचं गिंप नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवलं. माणसं येत होती, जात होती, सर डाग पुसत होते. शेवटी त्यांनी लॅपटॉप आतल्या बायकांकडे दिला. रडणं एकदम थांबलं. सुहासची आत्या म्हणाली, "हे कोण?" सरांनी डागांबरोबर त्याच्या वडिलांच्या गालावरचा चामखीळ आणि निम्म्या मिशा पुसून टाकल्या होत्या. सर मात्र परत येताना गाडीत म्हणाले, "पण सॉफ्टवेअर बघितलं न्हवं, कसलं ताकदीचं हाय?"

दुसरा प्रताप अध्यक्षांच्या बाबतीत झाला. ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब. दवाखान्यातलं सगळं मराठी टायपिंग पूर्वी एका जुन्या फाँटमध्ये चालायचं. सरांनी एका झटक्यात सगळं युनिकोड या नव्या पद्धतीवर नेलं आणि दादासाहेबांच्या वाढदिवसाचं निमंत्रण छापखान्यातून आलं, तेव्हा त्यावर 'मा. दादासाहेब' याच्या जागी चौकोनांची एक रांग होती. दादासाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, "साहेब, दोष छापखान्याचा हाय. त्यानं जुनाच फाँट लावला." हे खरं होतं. पण स्वतःच्या नावाच्या जागी चौकोन बघणाऱ्या माणसाला असं खरं सांगून उपयोग नसतो. तेव्हापासून दादासाहेबांच्या लेखी फुकटचं म्हणजे चौकोनांचं.

हिशेब विभागातल्या घोरपड्यांना हे मत फार सोयीचं पडलं. घोरपडे दादासाहेबांचे साडू. त्यांना पीडीएफ जोडायचं एक महागडं सॉफ्टवेअर हवं होतं. सरांनी त्याच कामाचं मोफत सॉफ्टवेअर बसवून दिलं, वर शिकवायची तयारी दाखवली. घोरपडे म्हणाले, "आम्हाला भिकारडं काही नको." मग त्यांनी तेच महागडं सॉफ्टवेअर कुठल्याशा साइटवरून कुलूप फोडलेलं आणलं. त्यांना फुकटचं नको होतं, चोरीचं चालत होतं. आपल्याकडे प्रतिष्ठेचं गणित असंच असतं.

याच सुमारास दवाखाना 'कागदमुक्त' झाला. दादासाहेबांनी फीत कापली, भाषण केलं. भाषणात दवाखान्याचा उल्लेख शेवटी शेवटी आला. दादासाहेबांची भाषणं फार लांबतात. सर पहिल्या रांगेत बसून सरळ झोपायचे. कागद गेले, सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि सरांनी बॅकअप सुरू केला. तेही मोफत सॉफ्टवेअरच. रोज दुपारी एका वेगळ्या डिस्कवर सगळ्याची कुलूपबंद प्रत काढायची, डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवायची, स्टीलच्या डब्यात घालून औषध दुकानाच्या कपाटात ठेवायची. डबा घेऊन जाणाऱ्या सरांना नर्स विचारायच्या, "सर, आज काय भाजी?"

पुढे सरांच्या पित्ताशयात खडे निघाले. आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, डबा कपाटात हाय. उगंच कुणाला हात लावू देऊ नका." मी हो म्हटलं. सकाळी त्यांना आत नेलं आणि थोड्याच वेळात माझ्या पडद्यावर एक लाल चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या सगळ्या फायली आम्ही बंद केल्या आहेत, परत हव्या असतील तर पैसे भरा.

शेजारच्या टेबलावर तेच, लॅबमध्ये तेच. हिशेब विभागात घोरपडे पडदा फडक्यानं पुसत होते. ते फोडलेलं सॉफ्टवेअर कुलूप फोडणाऱ्यानं काही धर्मादाय वाटलं नव्हतं, हे नंतर उघड झालं; लाल चौकट त्यातूनच आत शिरली होती.

डायलिसिसच्या दारात पाटणच्या बाजूची माणसं पहाटेची एसटी धरून येऊन बसली होती. डॉक्टर शेटे मॅडम माझ्याकडे आल्या.

"यांचे मागचे कागद द्या. कुणाला कुठलं औषध किती, रक्ताचे रिपोर्ट, काहीतरी द्या."

"मॅडम, कागद नाहीत. आपण कागदमुक्त आहोत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू फीत मीच कापली होती. "जुने आहेत त्यांचं मला थोडंफार आठवतं," त्या म्हणाल्या. "पण अंदाजानं मी कुणालाही मशीनला लावणार नाही." बाकावरची एक म्हातारी पायांवर हात फिरवत होती. पाय सुजून चकचकीत झाले होते. तिनं मला विचारलं, "बाई, आज हुणार न्हाई व्हय?"

मी डबा आणला. सरांनी माझ्या मागे लागून लागून मला बरंच शिकवलं होतं, त्यामुळे हल्ला न झालेला एक कॉम्प्युटर नेटवर्कच्या जाळ्यातून सोडवून त्याला डिस्क जोडणं मला जमलं. सॉफ्टवेअर उघडलं आणि पासवर्ड विचारला गेला. तो कुणालाच माहीत नव्हता. जो माणूस अख्ख्या तालुक्याला पासवर्ड कसे सांभाळावेत हे शिकवत हिंडला, त्यानं सगळ्यांत महत्त्वाचा पासवर्ड फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवला होता आणि ते डोकं भुलीखाली होतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की डबा त्यांच्या उशाशी नेऊन आपटावा असं वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. सरांना बाहेरच्या खोलीत आणल्याचं कळताच मी पळाले. मागोमाग दादासाहेब, त्यांच्यामागे घोरपडे. सरांचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे.

"सर, बॅकअपचा पासवर्ड सांगा. सगळं बंद पडलंय."

सर पुटपुटले, "दादासाहेबांचं भाषण संपलं की मला उठवा."

नर्स म्हणाली, "भुलीत आहेत अजून."

दादासाहेब घसा खाकरून पलंगाजवळ वाकले. "तांबोळी, आज भाषण नाही. तुम्ही विश्रांती घ्या."

"सर, पासवर्ड!" मी पुन्हा म्हटलं.

"त्येच सांगतोय की," सर डोळे न उघडता म्हणाले. "दादासाहेबांचं भाषण संपलं की मला उठवा. इंग्रजी अक्षरं. समदी लहान. मधी जागा न्हाई."

नर्सनं सलाइनच्या बाटलीकडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. घोरपडे दादासाहेबांकडे बघावं की बघू नये या पेचात छताकडे बघत राहिले. दादासाहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी खाली येऊन टाइप केलं. उघडेना. इंग्रजी अक्षरांत मी सवयीनं शुद्ध मराठीतलं 'संपले' लिहिलं होतं. मग सर बोलतात तसं 'संपलं' लिहिलं आणि कुलूप उघडलं. डायलिसिसच्या नोंदी आधी काढल्या आणि शेटे मॅडमना मिळेल तसं छापून दिलं. दुपार कलायच्या आत म्हातारी मशीनला लागली. बाकीचं सगळं परत बसायला बरेच दिवस गेले.

सर बरे होऊन आल्यावर ट्रस्टची बैठक झाली. मी नोंदी लिहायला बसले होते. कुणीतरी विचारलं, "पासवर्ड एकट्याजवळ का ठेवला?"

सर उभे राहिले. "चूक झाली. मला वाटलं, आपल्यावाचून हितलं चालायचं न्हाई, तर आपल्याजवळच असू दे. त्या बाया-माणसांच्या जिवाला काय झालं असतं तर मी तोंड दाखवू शकलो नसतो. मला नोटीस द्या." मग ते घोरपड्यांकडे वळले. "पण यांनी चोरीचा माल आत आणला. यांनाबी द्या."

दादासाहेब म्हणाले, "वैयक्तिक पातळीवर उतरू नका."

नोटीस एकच निघाली. पासवर्डातल्या मजकुराचा तिच्यात उल्लेख नव्हता, पण 'वरिष्ठांविषयी अनादर' हे कलम मात्र होतं. पुढच्या वेळी सरांचा करार वाढवला गेला नाही. पुण्याची एक कंपनी आली, गळ्यात पट्टे घातलेली मुलं आली, जाडजूड फाइल आली. तीच प्रत, तशीच डिस्क, फक्त आता तिला डब्याऐवजी इंग्रजी नाव होतं. घोरपडे त्या खरेदीच्या समितीवर होते.

सर भांडले नाहीत, याचं मला वाईट वाटलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला आणि शेटे मॅडमना बसवून सगळ्या चाव्या, सगळे मार्ग समजावून दिले. मी म्हटलं, "सर, हे आता कंपनी बघणार आहे."

"कंपनी बघू दे. तुमीबी बघा. ज्याचं त्याला उघडता आलं पायजे, मॅडम. न्हाईतर फुकटचं काय नि इकतचं काय, दोन्ही सारखीच."

सांगलीला त्यांची मुलगी असते. तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. सामान न्यायला टेंपो आला त्या सकाळी आम्ही चार-सहा जण त्यांच्या घरी गेलो. शेटे मॅडमही ओपीडीच्या आधी आल्या होत्या. सरांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, सगळ्यांना शिरकुर्मा दिला. मी सरांना म्हणायचं ठरवलेलं बरंच काही होतं, पण ते पलंगाच्या दोऱ्या आवळण्यात गुंतले होते. शेवटी ते टेंपोत पुढे, ड्रायव्हरशेजारी चढले. भाभी खिडकीशी बसल्या.

ड्रायव्हरनं रस्ता बघायला मोबाइल काढला. पडद्यावर एकामागून एक जाहिराती उसळायला लागल्या. सरांनी मान पुढे केली.

"हे कुठनं उतरवलं?"

"काय की वो. मेव्हण्यानं टाकलंय."

"आन हिकडं."

गाडी सुरू झाली. आम्ही हात वर केले. भाभींनी खिडकीतून हात हलवला, डोळ्यांना पदर लावला, पुन्हा हलवला. सरांनी मान वर केली नाही. वळणावर टेंपो हळू झाला तेव्हा भाभींचा आवाज ऐकू आला, "आवं, ती माणसं उभी हायत, बघा की जरा!" तरीही त्यांचं डोकं खालीच होतं. टेंपो वळला. शेटे मॅडम घड्याळ बघून दवाखान्याकडे निघाल्या. आम्ही मात्र हात तसेच वर धरून रिकाम्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिलो.