एकाच दिवशी बसवा की!

"एकाच दिवशी बसवा की ओ!" बाईंचा फोन आला की पहिलं वाक्य हेच. नमस्कार नंतर.

हातून गुन्हा घडलेल्या अल्पवयीन मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकारी होत्या त्या. मी कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात समुपदेशक. बाल न्याय मंडळाची तारीख एका दिवशी, आमची दुसऱ्या. आईबापाचे कामावर दोन खाडे. ते वाचावेत म्हणून बाई सगळ्यांच्या मागं लागायच्या. आमचे डॉक्टर डबा उघडायला लागले की म्हणायच्या, "जेवण काय, उद्या बी मिळतंय!" आणि डॉक्टर, तुम्हाला खोटं वाटेल, डबा बंद करायचे.

कबनूरची एक मुलगी होती. सोळा वर्षांची. आई गेल्यापासून तिची झोप उडाली होती, बोलणं तुटलं होतं. एकदा रागाच्या भरात तिनं शेजारच्या दुकानावर दगड फेकला. काच फुटून दुकानदाराला लागलं. वडील यंत्रमागावर कामाला. खाड्यांपायी तिच्या दवाखान्यातल्या दोन भेटी चुकल्या. आता चुकली तर निरीक्षणगृह, अशी समज मंडळानं दिलेली.

बाईंनी दोन्हीकडं फोन लावले. सकाळी मंडळ, दुपारी आम्ही, असं ठरलं. बापलेकीला घेऊन त्या स्वतः आल्या.

"बोल की गं!" वडील ओरडले. खिडकीची तावदानं हादरली. मुलीनं मान आणखी खाली घातली.

"पावणं, चहा घेणार?" बाईंनी त्यांच्या मागून विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच. मग डॉक्टर उठून त्यांच्यासमोर बसले. "ऐकायला कमी येतं का हो?"

"व्हय. माग बंद झाला तरी कानात चालूच असतोय."

मुलीनं वर बघितलं. "आण्णा, म्हंजे तुमी माझ्यावर वरडत न्हवता?"

"काय म्हणतीया?"

बाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. वडील कावरेबावरे झाले. "तुझ्यावर कशाला वरडू, बाळा? मलाच माझा आवाज कळत न्हाय!"

मुलगी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. बाई मात्र दारात पोचल्या होत्या. "कानाचं डॉक्टर अजून बसल्यात. चला, आजच दाखवूया!"

मुलीला कुठं पाठवावं लागलं नाही. वडिलांना श्रवणयंत्र मिळालं. पुढच्या भेटींना दोघं नेमानं यायची, जिना चढताना भांडत. ते भांडण ऐकून आम्हाला बरं वाटायचं.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आता कुरुंदवाडला असतात. निरोपाला आम्ही भाषणं लिहून नेली होती, पण कुणाचा तरी बाप हातकणंगल्याहून हलगी घेऊन आला आणि भाषणं खिशातच राहिली. मुलांच्या आयांनी बाईंना भगवा फेटा बांधला. "माझं गुडघं, माझं गुडघं!" म्हणत त्यांनी पदर खोचला आणि कचेरीच्या अंगणात नाचायला लागल्या. फेटा घसरून डोळ्यांवर आला, तरी थांबल्या नाहीत.